चार महिने गप्प

मास्तरांच्या डोक्यावरचा तो डाग धाकटीला पहिल्यांदा दिसला, तेव्हा मास्तर आपल्या जावयाच्या घोरण्याची नक्कल करत होते आणि सगळं दुकान हसत होतं.

टाळूच्या जरा मागे, जिथे केस विरळ होत होत नुसती लव उरली होती, तिथे मसुराच्या दाण्याएवढा एक ठिपका होता. धाकटीनं कंगव्यानं आजूबाजूचे केस सारले. ठिपका एका बाजूला काळाभोर, दुसऱ्या बाजूला तपकिरी, आणि त्याची कड कुणीतरी कुरतडल्यासारखी. गेल्या महिन्यात तो तिथे नव्हता. किंवा असेलही, तिच्या नजरेत भरला नसेल.

"काय गं धाकटे, हात का थांबला? जंगल संपलं?"

"नाही मास्तर. वाट शोधतेय."

मास्तर खदखदून हसले आणि पुन्हा घोरायला लागले.

दुकान दोघी बहिणींचं. वडील गेले तेव्हा मागे दोन खुर्च्या, दोन आरसे आणि वस्तरा घासायचा एक पट्टा ठेवून गेले. थोरलीनं दाराजवळची खुर्ची घेतली, धाकटीनं आतली. त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. थोरलीकडे तोंड आणि धाकटीकडे हात, असं गिऱ्हाइकं म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. थोरली माणसाला दारातच अर्धं खूश करायची, उरलेलं काम धाकटीची कात्री करायची.

मास्तर म्हणजे पोहण्याचे मास्तर. नगरपालिकेच्या उघड्या तलावावर त्यांनी अडतीस वर्षं शिट्टी फुंकली होती. निम्म्या गावाला त्यांनी पाण्यात ढकललं होतं, त्यात या दोघीही होत्या. भर दुपारी कठड्यावर उघड्या डोक्यानं, उघड्या अंगानं उभे राहायचे. कुणी टोपी घाला म्हटलं तर म्हणायचे, "टोपी घातली की पोरांना माझे डोळे दिसत नाहीत, आणि डोळे दिसले नाहीत की पोरं घाबरत नाहीत." मूळचे उजळ, पण वर्षानुवर्षं भाजून भाजून विटेच्या रंगाचे झालेले. दर उन्हाळ्यात त्यांच्या नाकाचं, खांद्यांचं सालपट निघायचं. तेव्हा म्हणायचे, "कात टाकतोय. जून झालेला साप आहे मी." निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी अकरा ते दोन तलावावर हजेरी असायचीच.

धाकटीनं सांगायला तोंड उघडलं होतं. पण तिला त्या बाई आठवल्या.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका बाईंच्या डोक्यात मागे नाण्याएवढी चाई पडली होती. धाकटीनं हळूच, कानाशी वाकून सांगितलं. बाई ताडकन उठल्या. गळ्याभोवतीचं कापड खाली फेकलं आणि भरल्या दुकानात म्हणाल्या, "केस कापायला आलेय, माझे वाभाडे काढून घ्यायला नाही." पुन्हा आल्या नाहीत, आणि ओळखीच्या चार जणींनाही येऊ दिलं नाही. त्या संध्याकाळी झाडू मारता मारता थोरली म्हणाली होती, "हे बघ. आपण केस कापायचे. डॉक्टरकी करायची नाही."

ते वाक्य धाकटीच्या मनात घर करून बसलं होतं. शिवाय तो शनिवार होता, बाकावर तिघं ताटकळत बसले होते, आणि मास्तर इतके रंगात आले होते. पुढच्या खेपेला सांगू, एकटे असताना. तिनं ठरवलं.

केस झाले तेव्हा मास्तर म्हणाले, "दाखव बघू मागून. टक्कल कुठवर आलंय?"

धाकटीनं हातातला आरसा उचलला. टाळू दाखवायची तर तो वर, तिरका धरावा लागतो. ती रोज तसाच धरायची. त्या दिवशी तिनं तो मानेच्या रेषेला धरला.

"मान कशी स्वच्छ झालीय बघा," ती म्हणाली.

"मानेचं कुणाला पडलंय! बरं, जाऊ दे." मास्तरांनी अंगावरचे केस झटकले आणि शीळ घालत उन्हात निघून गेले.

पुढच्या महिन्यात मास्तर आले तेव्हा दुकानात दुसरं कुणी नव्हतं. थोरलीही सामान आणायला गेली होती. सांगायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. धाकटीनं केस बाजूला करून पाहिलं. तेवढाच आहे, तिनं मनाशी म्हटलं. मोजला तर तिनं पहिल्यांदाही नव्हता, पण तेवढाच आहे असं तिला फार वाटत होतं, म्हणून तो तेवढाच दिसला. वाढला नाही म्हणजे साधा तीळ असणार. मग तिनं बाजूचे लांब केस त्याच्यावरून आडवे घेतले, बोटभर क्रीम लावून चापून बसवले, आणि म्हणाली, "असा भांग पाडलात तर तरुण दिसता."

"बायकोला सांग ते," मास्तर म्हणाले.

पुढचे दोन महिने ते आलेच नाहीत, मुलीकडे गेले होते. धाकटीला त्याचं बरंच वाटलं. ते दोन महिने तिनं डागाचा विचार केला नाही, असं ती नंतर स्वतःलाच सांगायची. खरं म्हणजे रोज करायची.

परत आल्यावर मास्तर खुर्चीत बसले, धाकटीनं कंगवा फिरवला, आणि त्याचा दात कशात तरी अडकला. मास्तर "स्स्" म्हणाले. कंगव्याला रक्त लागलं होतं. तो ठिपका आता अंगठ्याच्या नखाएवढा झाला होता. मध्ये उंचवटा आलेला, त्यावर खपली. काळा, तपकिरी, एका जागी निळसर.

धाकटीनं कंगवा खाली ठेवला.

"मास्तर, इथे एक डाग आहे. चांगला नाही दिसत. डॉक्टरला दाखवा. आजच दाखवा."

"कसला डाग? उशीवर दोनदा रक्त दिसलं खरं. मला वाटलं खाजवलं असेल. केव्हापासून आहे गं?"

आरशात ते तिच्याकडे बघत होते. शेजारच्या खुर्चीपाशी थोरलीचीही कात्री थांबली होती.

"आजच दिसला," धाकटी म्हणाली.

*

काकू, म्हणजे मास्तरांची बायको, तीन आठवड्यांनी दुकानात आल्या. बारीक चणीच्या, ताठ चालणाऱ्या काकू वाचनालयात नोकरी करून निवृत्त झालेल्या. कधी आवाज चढवायच्या नाहीत. दारातून सरळ आतल्या खुर्चीपाशी आल्या आणि धाकटीचे दोन्ही हात, कात्रीसकट, हातात घेतले.

"तुकडा काढून तपासला. मेलानोमा म्हणतात त्याला. कातडीचाच कर्करोग, पण त्यातला वाईट. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. पंचेचाळीस वर्षं त्या माणसाबरोबर राहतेय मी. पण तो उंच आणि मी ही अशी. त्याच्या टाळूवर काय आहे ते मला कधी दिसलंच नाही. तू नसतीस तर काय झालं असतं, या विचारानं मला घास जात नाही."

थोरलीनं डोळ्याला रुमाल लावला. बाकावरचं एक गिऱ्हाईक म्हणालं, "देवासारखी आहे हो पोरगी."

धाकटी म्हणाली, "काकू, मी..." आणि पुढे काही म्हणाली नाही. काकूंना वाटलं, पोरगी संकोचली.

ऑपरेशन झालं. मास्तरांच्या डोक्यावरचा तळहाताएवढा तुकडा काढला आणि मांडीची कातडी तिथे लावली. मानेतल्या गाठी तपासल्या, त्यातल्या एकीत रोग पोचला होता. आता वर्षभर दर तीन आठवड्यांनी शिरेतून औषध घ्यायचं होतं.

काकूंनी दुकानात केक पाठवला आणि त्यासोबत एक कार्ड. त्यावर मास्तरांच्या गिचमिड अक्षरात एकच ओळ होती, 'जिनं पाहिलं तिला.' धाकटीनं ते खणात टाकलं. थोरलीनं ते काढून चौकटीत बसवून घेतलं आणि धाकटीच्या आरशाशेजारी खिळा ठोकून टांगलं. "मिरवायचं नाही तर काय लपवायचं?" ती म्हणाली.

मग धाकटीला दिवसभर ते कार्ड बघावं लागलं. गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून नजर वर उचलली की समोर कार्ड. आणि गावभर बातमी पसरली होतीच. लोक केस कापायला कमी आणि डोकं दाखवायला जास्त यायला लागले. "माझ्या कानामागे बघ गं." "हा तीळ कसा वाटतो?" धाकटी बघायची. प्रत्येकाला, शंका नसली तरी, डॉक्टरला दाखवा म्हणायची. रात्री जेवताना थोरली म्हणाली, "आता तू सगळ्यांनाच धाडायला लागलीस तर डॉक्टर आपल्याला मारायला येतील." धाकटीला हसू आलं नाही. तिचं जेवण अर्ध्यावर आलं होतं. थोरली म्हणायची, कौतुक मानवत नाही हिला.

डॉक्टर मारायला आल्या नाहीत, पण त्यांचा निरोप आला. मास्तरांवर उपचार करणाऱ्या त्वचेच्या डॉक्टरबाईंना गावातल्या सगळ्या केस कापणाऱ्यांची एक बैठक घ्यायची होती. कारण डोक्याची मागची बाजू माणसाला स्वतःला दिसत नाही, ती न्हाव्याला दिसते. धाकटीनं तिथे आपला अनुभव सांगावा, असं त्यांचं म्हणणं होतं.

धाकटी नाही म्हणायला म्हणून दवाखान्यात गेली. डॉक्टरबाईंनी तिला समोर बसवून फोटो दाखवले. साधा तीळ कसा दिसतो, धोक्याचा कसा. दोन्ही अर्धे सारखे नसतात, कड वाकडीतिकडी, एकाच डागात दोन-तीन रंग, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बदलतो. वाढतो, खाजतो, रक्त येतं. "ऊन लागलं, कातडी लाल झाली, चार दिवसांनी बरी झाली, असं आपल्याला वाटतं," त्या म्हणाल्या. "पण ती विसरत नाही. विशीत भाजलेलं साठीत वर येतं. मास्तरांनी साधी रुंद काठाची टोपी घातली असती, दुपारच्या ऐवजी सकाळी लवकर शिकवलं असतं, तर बराच फरक पडला असता. आणि काळ्या-सावळ्या माणसांना हे होतच नाही असं समजू नका. कमी होतं, पण झालं की तळपायाला, नखाखाली होतं, आणि कुणी बघत नाही."

धाकटीचं लक्ष एका फोटोवर खिळलं होतं. मसुराच्या दाण्याएवढा ठिपका. अर्धा काळा, अर्धा तपकिरी.

"समजा," ती म्हणाली, "समजा एखाद्याचा असा डाग असतानाच कुणी दाखवायला सांगितलं असतं. चार महिने आधी. तर?"

डॉक्टरबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "कुणाबद्दल विचारताय?"

"असंच."

"जाडीवर असतं. मास्तरांचा साडेतीन मिलिमीटर होता. चार महिने आधी पातळ असता बहुधा. गाठीत पोचला नसता का? सांगता येत नाही. कदाचित नसता. कदाचित तेव्हाच पोचलेला होता." त्यांनी फोटो गोळा केले. "असा प्रश्न घरचे लोक नेहमी विचारतात. त्याला उत्तर नसतं हो."

धाकटी बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसली. डॉक्टरबाईंनी होय म्हटलं असतं तर ती रडली असती, नाही म्हटलं असतं तर घरी जाऊन झोपली असती. आता दोन्ही करता येत नव्हतं. तिला एवढंच कळलं, की बैठकीत उभं राहून 'आजच दिसला' हे ती दुसऱ्यांदा बोलू शकणार नव्हती.

*

मास्तर घरामागच्या अंगणात, पत्र्याच्या सावलीत आरामखुर्चीवर बसले होते. डोक्याला पट्टी, पाय स्टुलावर. धाकटीला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"ये, ये. लहानपणी आई म्हणायची, तुझी अक्कल गुडघ्यात. आता मांडीची कातडी डोक्याला लावलीय. म्हणजे हळूहळू वर सरकतेय."

धाकटी समोरच्या ओट्यावर टेकली. काकू चहा ठेवून आत गेल्या. चहावर साय धरली तरी तिनं कप उचलला नाही.

"मास्तर, तो डाग मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला नव्हता."

"म्हणजे?"

"चार महिने आधी दिसला होता. तुम्ही जावयांची नक्कल करत होता तेव्हा. छोटा होता. पुढच्या महिन्यातही पाहिला. मी बोलले नाही."

मास्तरांच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही. विसरून राहिल्यासारखं थोडा वेळ तिथेच राहिलं.

"पण मी विचारलं होतं," ते म्हणाले. "मागून दाखव म्हटलं होतं. तू आरसा धरलास."

"खाली धरला होता. मानेशी. तुम्हाला दिसू नये म्हणून."

"आणि तो भांग? तरुण दिसता म्हणालीस तो?"

"झाकायला."

आत स्वयंपाकघरात नळ वाहत होता, तो बंद झाला.

"का?" मास्तरांनी विचारलं. आवाज चढला नव्हता. तलावावर त्यांचा आवाज पलीकडच्या काठाला ऐकू जायचा, आता मात्र तिला पुढे वाकावं लागलं.

धाकटीनं त्या बाईंची गोष्ट सांगितली. सांगताना तिला स्वतःलाच ती केवढीशी वाटली. एक बाई चिडली होती. बस्स.

"मी चिडेन असं वाटलं तुला?"

"नाही. तुम्ही हसत होता. मला ते मोडवेना. आणि मला भीती वाटली. काही निघालं तर ते माझ्या तोंडून निघालं असं होईल, अशी."

मास्तरांनी नजर कुंपणाकडे वळवली. मग म्हणाले, "बरं. मग आता कशाला सांगितलंस?"

तिला हा प्रश्न अपेक्षित नव्हता.

"डाग गेला कापून. चार महिने काही परत येत नाहीत. मी रोज सकाळी उठून म्हणत होतो, नशीब बघा, वेळेवर सापडलं. त्याच्यावर दिवस काढत होतो मी. ते औषध घेतलं की दोन दिवस भिंत धरून चालतो, तेव्हाही तेच म्हणत होतो. तेवढं होतं माझ्याकडे. तेही घेऊन चाललीस. तुला हलकं वाटावं म्हणून?"

धाकटी उभी राहिली. "हो," ती म्हणाली. "थोडं त्यासाठीही असेल. पण तुम्ही त्या कार्डावर जे लिहिलंत, ते खोटं माझ्या भिंतीवर होतं. ते मला बघवत नव्हतं."

"जा तू आता," मास्तर म्हणाले.

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. फाटकापर्यंत त्या तिच्याबरोबर चालत आल्या. ती बाहेर पडल्यावर त्यांनी कडी लावली.

*

दुसऱ्या दिवशी थोरलीला भिंतीवर नुसता खिळा दिसला.

"कार्ड कुठाय?"

धाकटीनं सगळं सांगितलं. दुकान उघडायला वेळ होता, शटर अर्धंच वर होतं. थोरली ऐकता ऐकता गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. आधी ती भडकली. "मला सांगायला काय झालं होतं? मी बोलले असते! मला कुणाची भीती?" मग तिला स्वतःचंच वाक्य आठवलं.

"डॉक्टरकी करायची नाही," ती हळू म्हणाली. "मीच म्हणाले होते ना?"

"म्हणाली होतीस."

"म्हणजे निम्मं माझ्या माथी."

"नाही," धाकटी म्हणाली. "तू एका बाईच्या केसांबद्दल बोलली होतीस. डाग तुला दिसला नव्हता. आरसा मी धरला होता. हे निम्मं-निम्मं नको करू ताई, मला त्यानं बरं वाटेल आणि मला इतक्यात बरं वाटायला नकोय."

थोरली उठली, खिळा पक्कडीनं उपटला आणि शटर वर केलं.

बैठकीला चाळीसेक माणसं आली होती. दवाखान्याचं सभागृह, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मागे भिंतीवर त्या डागांचे मोठे फोटो. डॉक्टरबाईंनी ओळख करून दिली, "यांच्या तीक्ष्ण नजरेमुळे एक माणूस वाचला." टाळ्या पडल्या. त्या संपेपर्यंत धाकटी थांबली.

"तसं नाही," ती म्हणाली. "मला डाग दिसला, आणि मी चार महिने गप्प बसले. दुसऱ्या वेळी तर मी त्याच्यावर केस विंचरून बसवले. गिऱ्हाइकानं विचारलं कधीपासून आहे, तर आजच दिसला म्हणून सांगितलं. मला इथे बोलवलं तेव्हा डॉक्टरबाईंनाही हे माहीत नव्हतं."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला, पण मध्ये पडल्या नाहीत. सभागृहात कुणीतरी खोकलं. धाकटीनं भिंतीवरचा मसुराएवढा ठिपका दाखवला. "असा होता. हा दिसला की सांगायचं. एवढंच मला येतं."

मागच्या रांगेतले एक म्हातारे न्हावी उठले. चाळीस वर्षं धंद्यात असलेले. "ते ठीक आहे बाई. पण गिऱ्हाईक चिडलं तर? तुटलं तर?"

"तुटतं," धाकटी म्हणाली. "माझं एक तुटलं होतं. त्या बाई रस्त्यात दिसल्या तर अजून तोंड फिरवतात, आणि मला अजून वाईट वाटतं. पण त्या वाईट वाटण्यात मला झोप लागते. या दुसऱ्यात नाही लागत."

म्हातारे खाली बसले. नंतर चहाच्या वेळी तिच्याजवळ आले आणि म्हणाले, की त्यांच्याही एका गिऱ्हाइकाच्या कानामागे काहीतरी आहे, ते रोज डोळ्यांपुढे येतं, आज घरी जातानाच त्याच्याकडे जाऊन सांगतो. डॉक्टरबाई मात्र तिच्याशी त्या दिवशी फार बोलल्या नाहीत. जाताना एवढंच म्हणाल्या, "पुढच्या बैठकीलाही या. हेच सांगा."

*

मास्तरांचं औषध वर्षभर चाललं. अंगावर पुरळ आलं, वजन उतरलं, एकदा आठवडाभर दवाखान्यात राहावं लागलं. शेवटच्या तपासणीत कुठे काही दिसलं नाही. दर तीन महिन्यांनी दाखवत राहा, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. त्याहून जास्त खात्री कुणी दिली नाही.

मास्तर पुन्हा तलावावर गेले. रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा, नाकाला आणि कानांना पांढरं मलम फासलेलं. पोरं हसायची. त्यांनी नगरपालिकेत खेटे घालून घालून पोरांच्या बाजूला वरून कापडाचं छत घालून घेतलं आणि शिकवणी सकाळी नऊच्या आत आणली. जो पोरगा मलम लावून येणार नाही त्याला पाण्यात उतरू द्यायचं नाही, असा नियमच केला. एका आईनं कुरकुर केली तेव्हा त्यांनी टोपी काढून तिला डोकं दाखवलं म्हणे.

हे सगळं धाकटीला थोरलीकडून कळायचं, कारण मास्तर दुकानात यायला लागले होते, पण दाराजवळच्या खुर्चीत बसायचे. बाकीच्या डोक्यावर जे काही केस होते ते थोरली कापायची. दोन खुर्च्यांमध्ये चार हातांचं अंतर. मास्तर थोरलीला विनोद सांगायचे आणि थोरली मोठ्यानं हसायची. धाकटी आपल्या गिऱ्हाइकाच्या डोक्यावर वाकून काम करायची. आरशातून नजरानजर होऊ नये म्हणून ती आणि मास्तर दोघंही जपायचे.

एकदा काकू आल्या होत्या. निघताना धाकटीपाशी थांबल्या.

"तो अजून रागावलाय," त्या म्हणाल्या. "मीही होते. माझा राग उतरला, कधी ते कळलं नाही. त्याचा नाही उतरला."

"उतरू नये," धाकटी म्हणाली.

"वेडी आहेस," काकू म्हणाल्या. पण चिडून नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एक उंच, रापलेली मुलगी दुकानात आली. थोरलीची खुर्ची रिकामी होती, तरी ती बाकावर धाकटीचं काम संपेपर्यंत बसून राहिली. मास्तरांची पुतणी. रस्त्यांच्या मोजणीचं काम करायची, दिवसभर दुर्बीण घेऊन उन्हात.

"काका म्हणाले, केस धाकटीकडेच कापून घे," ती खुर्चीत बसत म्हणाली. "आणि म्हणाले, तिला सांग, मागचं सगळं नीट बघ."

धाकटीनं थोरलीकडे पाहिलं. थोरली उगाच टॉवेलच्या घड्या घालायला लागली.

"अजून काही म्हणाले?"

"नाही. एवढंच."

धाकटीनं कात्री बाजूला ठेवली. केसांचे भाग पाडत पाडत, एकेक चिमटा लावत, तिनं सगळं डोकं पाहिलं. कानांच्या मागे, कानांच्या पाळ्यांत, मानेवर, केसांच्या कडेनं. अर्धा तास लागला. उजव्या कानामागे एक लहानसा तपकिरी तीळ होता. गोल, एका रंगाचा.

"इथे एक तीळ आहे," ती म्हणाली आणि दोन आरसे धरून पुतणीला तो दाखवला.

"तो होय? तो जन्मापासून आहे."

"असू दे. साधाच वाटतो. तरी एकदा दाखवून ये. आणि उन्हात कान झाकेल अशी टोपी घाल."

पुतणीच्या कपाळाला आठी पडली. "मी केस कापायला आलेय हो. कामावर सुट्टी मिळत नाही मला."

"मिळेल तेव्हा जा," धाकटी म्हणाली, "पण जा." तिनं डॉक्टरबाईंचा फोन नंबर एका कागदावर लिहून तिच्या हातात दिला, मग कात्री उचलली आणि विचारलं, "केस किती ठेवायचे?"